बाद केलेला स्वभावनकाशा

चंद्रावरच्या तळावर भाजीघराचे दार आपोआप बंद झाले, तेव्हा नजमा मुलाणी आत मेथी खुडत होती. थंडाव्याची नळी फुटून अमोनिया गळू लागला होता. तळाची इंजिनियर तीच, त्यामुळे काय झाले हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने टॉवेल ओला करून नाकातोंडावर धरला.

"साहेब, उघडा लवकर," स्पीकरमधून तिचा आवाज आला. "डोळे जळतायत."

बाहेर तळप्रमुख शेंडकर दारावर मुठी आपटत होते. "उघड म्हणतो ना. मी हुकूम देतोय."

"दार बंद राहील," तळाचे निर्णययंत्र म्हणाले. "हा शेंडकर यांचाच निर्णय आहे."

"माझा? मी इथे घसा फोडून काय सांगतोय मग?"

तळावर तिघेच होते; तिसऱ्या, मानसतज्ज्ञ वत्सला कुरणे, धावत यंत्राच्या पडद्यापाशी पोचल्या. "साहेब, ते तुमचं ओरडणं ऐकणार नाही. संकटात माणूस घाबरून काहीही बोलतो. म्हणून निघण्यापूर्वी शांत डोक्याने तुम्ही प्रश्नावली भरलीत, तिच्यावरून त्याने तुमचा स्वभावनकाशा काढलाय. अशा वेळी तुम्ही काय ठरवाल, ते त्या नकाशावरून ठरतं. तळप्रमुखाचा शब्द शेवटचा, पण नकाशातल्या तळप्रमुखाचा."

"मग त्या नकाशात मी काय म्हणतो?"

"एका माणसासाठी सगळा तळ धोक्यात घालणार नाही, असं म्हणता. फिरवून फिरवून विचारलं तरी तेच. कुठे तसूभर फरक नाही." हा नकाशा वत्सलाबाई प्रशिक्षणात नमुना म्हणून दाखवत असत. इतका स्वच्छ नकाशा त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

शेंडकरांच्या मुठी थांबल्या. "बाई, ती उत्तरं माझी नाहीत. क्लासची आहेत."

"कसला क्लास?"

"लातूरला होता. अंतराळ निवडीचा. सर नमुना उत्तरं पाठ करून घ्यायचे. हळवं उत्तर दिलं की पोरगा गळाला, म्हणायचे. रोज सकाळी आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, पाढे म्हणावेत तसं."

वत्सलाबाईंची आयुष्यभराची विद्या एका शिकवणीने अशी धुऊन टाकली होती. पण त्यातच वाट होती. "प्रश्नावली खोटी भरली असेल तर नकाशा बाद करायचा अधिकार मला आहे. मग यंत्राला थेट तुम्हालाच विचारावं लागेल. कबुली द्या. नोकरी मात्र जाईल."

"नोकरी गेली खड्ड्यात," शेंडकर म्हणाले आणि यंत्रासमोर त्यांनी सगळे कबूल केले. बाईंना त्यांचे कौतुक वाटले. बाईंनी कळ दाबली.

"नकाशा बाद," यंत्र म्हणाले. "निर्णय शेंडकर यांना विचारत आहे. दार उघडल्यास वायू बाहेर येईल. पंखे तो वेळेत ओढतीलच असे नाही. तिघेही जगण्याची शक्यता निम्मी. बंद ठेवल्यास बाहेरचे दोघे नक्की जगतील. दार उघडू?"

आत नजमा खोकत होती.

"मला चालेल, साहेब," वत्सलाबाई म्हणाल्या. "उघड म्हणा."

शेंडकरांनी जिभेने ओठ ओले केले. त्यांचा हात दारापासून मागे आला होता. पंख्यांच्या जाळीकडे त्यांनी पाहिले, मग जमिनीकडे.

"दार उघडू?"

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तो नकाशा परत लावता येतो का?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मघाशी दारावर मुठी आपटणारा माणूस हाच होता आणि तेव्हा तो नाटक करत नव्हता, हेही त्यांना दिसले होते.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच सांगावं लागेल."

"साहेब, मी ऐकतेय," स्पीकरमधून नजमा म्हणाली.

"दार उघडू?"

शेंडकरांनी मान हलवली. नाही. पण यंत्राला मान हलवलेली कळत नसे, त्याला शब्द लागे. तो शेंडकरांना उच्चारावा लागला, आणि नजमाने तो ऐकला.