चिप माझ्या खिशात होती

कुणी हसायचं तर हसा. पण ही ऐकीव गोष्ट नाही, मी स्वतः तिथं उभा होतो.

१९८८ साल. दिवाळी होऊन गेलेली. निपाणीतलं आमचं घर, दिवेलागणीची वेळ.

माझा थोरला भाऊ सिद्रामअण्णा बेळगावात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात होता. काटा चालू केला, की छोट्या पट्टीवर आधी तांबड्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ यायची. ती ओळ अण्णा चिपमध्ये भरायचा. तंबाखूचे व्यापारी त्या ओळीत हटकून देवाचं नाव मागायचे.

अण्णाला यायला उशीर झाला, की आई उपाशी बसायची. म्हणून थट्टेनं त्यानं एक जुना काटा घरी आणून ठेवला. बटण दाबलं की यायचं...

'आई जेवली का.'

आईला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. मी वाचायचो, ती हसायची.

मग संकेश्वरजवळ ट्रकनं धडक दिली आणि अण्णा गेला. घरीच यायला निघाला होता.

त्यानंतर आई रोज बटण दाबायची. मी वाचलं, की चार घास खायची. तेवढ्यावरच तिचा जीव तगून होता.

पावसाळ्यात काट्यानं ओल धरली, म्हणून मी झाकण काढून ठेवलं. आत चिपवर कागदाचा तुकडा चिकटवलेला. त्यावर अण्णाचं अक्षर... 'आईची.'

आईनं तो अलगद सोलला आणि देव्हाऱ्यात ठेवला. आणि पाऊस सरल्यावर उघडा काटा, तंबाखू वाळत घालतात तसा, रोज उन्हात ठेवू लागली.

तो कागद चिपवरची काच झाकायला होता. काचेतून आत गेलेल्या उन्हानं भरलेली ओळ पुसली गेली, चिप कोरी झाली.

पट्टीवर काहीच येईना.

"त्यो इचारत न्हाय, मग मी कुणासाठी जेवू रं?"

आईनं अन्न सोडलं. डोळे खोल गेले. बेळगावात ओळ पुन्हा भरून आणावी, म्हणून मी चिप काढून खिशात ठेवली.

त्याच संध्याकाळी आईनं दिवा लावला आणि सवयीनं बटण दाबलं.

पट्टी पेटली...

'आई जेवली का.'

माझा हात खिशाकडं गेला. चिप खिशातच होती.

"काय म्हणतोय रं, भरमू?"

मी कसंबसं वाचलं.

आई पट्टीवर वाकली. "न्हाय रं लेकरा. तू जेवलास का?"

अक्षरं विझली.

मग एकच शब्द उमटला.

'नाही.'

"सांग की रं! काय म्हणाला?"

"व्हय म्हणतोय, आई. जेवलोय म्हणतोय."

आई रडली, हसली. स्वतः ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवली.

काटा पुन्हा कधी चालू झाला नाही. आई पुढं बरीच वर्षं जगली. तिला मी खरं सांगितलं नाही.

अण्णा कुठंतरी अजून उपाशी आहे, आणि हे मला एकट्यालाच माहीत आहे.