टेलरकाकांच्या बॅटऱ्या

माझ्या दुकानात येणाऱ्या बॅटऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त तहानेने मेलेल्या असतात. लोक चार्जिंगला लावायला विसरत नाहीत, पाणी घालायला विसरतात. झाकण फिरवून आत टॉर्च मारला की कोरड्या पडलेल्या शिशाच्या प्लेटा दिसतात आणि त्यांच्यावर जमलेली पांढरी पूड. मी ते गिऱ्हाइकाला दाखवते. गिऱ्हाईक म्हणतं, "परवाच घातलं होतं पाणी." या धंद्यात आल्यापासून 'परवा' या शब्दावरचा माझा विश्वास उडाला आहे.

दुकान तलावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. एक शटर, आत आम्लाने खाल्लेली फरशी, डाव्या भिंतीला चार्जिंगचा रॅक, मागे भंगाराचा कोपरा. खिडकी नाही. मुळात हे सासऱ्यांचं दुकान. त्यांच्या मुलाला यात रस नव्हता, तो टेम्पो चालवतो. मला होता, म्हणून मी बसले. लोक मला बॅटरीवाली म्हणतात आणि मी ओ देते.

टेलरकाका माझं जुनं गिऱ्हाईक. आयुष्यभर त्यांनी शर्ट शिवले आणि काकूंनी त्या शर्टांची काजं-बटणं केली. काम कमी केल्यावर दोघांनी गळ टाकायला एक लहान फायबरची होडी घेतली. तिच्या मागच्या टोकाला विजेची मोटर. ती आवाज करत नाही, त्यामुळे मासे बिचकत नाहीत, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे बायकोचं बोलणं ऐकल्याशिवाय सुटका नाही. ही मोटर दोन मोठ्या बॅटऱ्या जोडून चालते. त्या मीच दिल्या होत्या. पाणी कसं घालायचं हे मी काकांना समजावत होते, तेव्हा काकू मागून म्हणाल्या होत्या, "त्यांना नको सांगूस. मला सांग."

मग काकू गेल्या. काही दिवसांच्या आजारात, कोणाला फारसा त्रास न देता गेल्या. त्यानंतरही काका होडी काढत राहिले. एकटेच.

एके सकाळी त्यांची लेक त्यांना आणि दोन्ही बॅटऱ्यांना गाडीत घालून माझ्याकडे आली. ती परिचारिका आहे. आवाज न चढवता हुकूम सोडायची तिला सवय आहे.

"ताई, या बदलून द्या. काल बाबा पलीकडच्या लव्हाळ्यात अडकले होते. मोटर बंद पडली आणि वारा उलटा. दुसऱ्या होडीवाल्यांनी दोर बांधून ओढून आणलं."

"बदलायच्या नाहीत," काका म्हणाले. "बऱ्या करायच्या."

"बाबा, तुम्हाला पोहता येत नाही."

"शिकायला सवडच झाली नाही गं."

मी बॅटऱ्या टेबलावर घेतल्या. वय झालेलं दिसतच होतं. मीटर लावला तर आकडा बरा आला, पण भार टाकल्याबरोबर तो धाडकन खाली आला. आतून संपल्याची ती खूण. मग मी झाकणं उघडायला घेतली. इतके दिवस कोणी पाणी घातलेलं नसणार, प्लेटा उघड्या पडल्या असणार, असं मी धरून चालले होते.

प्रत्येक कप्प्यात पाणी होतं. जिथे असायला हवं बरोबर तिथे, आतल्या कड्याला टेकलेलं. एकाही कप्प्यात कमी नाही, एकातही जास्त नाही. टर्मिनल स्वच्छ होते, त्यांच्यावर गंज धरू नये म्हणून लावतात त्या जेलीचा पातळ थर होता आणि त्या थरात बोटाच्या बारीक रेषा उमटलेल्या होत्या.

"काका, पाणी मात्र वेळच्या वेळी घालता हं," मी म्हणाले.

काकांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता. "याने? मला सुईत दोरा ओवता येत नाही आता. मी नाही घालत."

"मग कोण घालतं?"

काकांनी हात खिशात घातला. लेकीने रस्त्याकडे बघितलं आणि गाडी नीट लागली आहे ना ते पाहून येते असं म्हणून बाहेर गेली.

मी हळू चार्जिंग लावायचं ठरवलं. थोड्याशाच करंटवर बरेच दिवस ठेवलं तर कधी कधी प्लेटांवरची पूड सुटते आणि बॅटरी परत उभी राहते. वचन दिलं नाही. रॅकच्या खालच्या फळीवर दोघी शेजारी ठेवल्या, झाकणं सैल केली आणि इतर कामाला लागले.

असं चार्जिंग चालू असताना पाणी उडतं. बुडबुडे येतात, पातळी उतरते, अधूनमधून भर घालावी लागते. मी रोज सकाळी डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन खाली वाकायचे आणि तशीच उठायचे. पातळी उतरत नव्हती.

आधी वाटलं, आमच्या ह्यांनी केलं असेल. संध्याकाळी विचारलं.

"मी?" टेम्पोच्या काचेवर फडकं मारता मारता ते म्हणाले. "तुझ्या बॅटऱ्यांना नुसता हात लावला तरी माझ्या शर्टाला भोकं पडतात. मी कशाला जाऊ?"

मग माझं लक्ष झाकणांकडे गेलं. त्या झाकणांवर नाण्याने फिरवण्यासाठी एक खाच असते. मी झाकण लावते तेव्हा खाच कुठेही राहते, वाकडी, तिरपी, मला काय त्याचं. पण काकांच्या बॅटऱ्यांच्या सगळ्या खाचा एका रेषेत होत्या. पट्टी ठेवून आखल्यासारख्या.

मी त्या मुद्दाम वाकड्या केल्या. दुपारची वेळ होती. शटर ओढलं, कुलूप लावलं, घरी जाऊन जेवले. परत येऊन शटर उघडलं, खाली वाकले.

खाचा एका रेषेत होत्या.

शेवटच्या झाकणाशेजारी एक थेंब होता. मी तो बोटावर घेतला. चरचरलं नाही. साधं पाणी होतं.

मी ताळ्यावरची बाई आहे. कुलूप तपासलं, छताचे पत्रे बघितले, रॅकच्या मागे टॉर्च मारला. मग चहा करून प्यायले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. उलट दुकानात कोणीतरी वावरतंय, कोणीतरी समजूतदार माणूस, असं वाटून जरा बरंच वाटलं. तेच मला विचित्र वाटत राहिलं.

बॅटऱ्या मात्र सुधारल्या नाहीत. कितीही जपल्या तरी शिसं झिजलं की झिजलं. मी लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग सीलबंद घ्या, ताई. पाण्याची कटकट नसलेल्या. पुन्हा असलं काही नको." कसलं काही, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सीलबंद बॅटऱ्या मीच तलावाच्या धक्क्यावर जाऊन होडीत बसवल्या. काका शेजारी उकिडवे बसून बघत होते. वरून सपाट, काळ्या, गुळगुळीत. त्यांनी त्यांच्यावरून हात फिरवला, कडा चाचपल्या.

"याला पाणी कुठून घालायचं?"

"घालायचंच नसतं, काका. कायमच्या बंद असतात. बघायला नको, काही नको."

काकांनी झाकण शोधल्यासारखं पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"मग तिने काय करायचं?" ते म्हणाले. माझ्याशी बोलत नव्हते ते.

मी नट आवळायचे पाने पिशवीत भरले आणि दुकानात आले.

त्यानंतर काका होडीवर गेले नाहीत. हे मला लेकीकडून कळलं, पण ते नंतर. आधी माझ्याच दुकानात गोष्टी बदलल्या. काकांच्या जुन्या बॅटऱ्या मी भंगाराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या होत्या. भंगारवाला दोनदा आला, दोन्हीदा मी त्याला त्या दाखवल्या नाहीत. का, ते विचारू नका. त्याच सुमारास रॅकवरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्याही भरलेल्या दिसू लागल्या. रिक्षावाल्याची, छापखान्याच्या इन्व्हर्टरची, कोणाच्या तरी ट्रॅक्टरची. संध्याकाळी कोरड्या आलेल्या, ज्यांना मी अजून हातही लावला नव्हता. सकाळी सगळ्यांचं पाणी कड्याला टेकलेलं आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाचा सरळ.

काम मागायला आलेलं माणूस न सांगता झाडून काढायला लागतं ना, तसं ते होतं.

एक दिवस दुपारी लेक आली. ड्यूटीवरून थेट आली असावी, डोळे ओढलेले होते.

"बाबा जेवत नाहीत," ती स्टुलावर बसत म्हणाली. "शिलाई मशीनसमोर बसून राहतात. पायही मारत नाहीत. होडीवर जा म्हटलं तर म्हणतात, एकट्याने काय जायचं. इतके दिवस एकटेच तर जात होते."

ती बोलता बोलता रॅककडे बघत होती. मग उठली आणि जवळ गेली. एका बॅटरीवरून बोट ओढत गेली, झाकणावरून झाकणावर.

"ही झाकणं अशी तुम्ही लावता?"

"नाही."

ती तिथेच उभी राहिली. पाठ माझ्याकडे होती.

"आई बटणं लावायची ना शर्टाला," ती म्हणाली, "तर सगळ्या बटणांची भोकं एका रेषेत ठेवायची. गळ्यापासून खालपर्यंत. कोणी बघायचंसुद्धा नाही ते. बाबा चिडवायचे, म्हणायचे गिऱ्हाईक काय फूटपट्टी घेऊन येणार आहे का."

बाहेरून एक ट्रक गेला. रॅकवरच्या मीटरचे काटे जरासे हलले.

"होडीत बॅटऱ्या ठेवायचा डबा आहे, त्यातल्या झाकणांचीही अशीच रेष असायची," ती म्हणाली. "आई गेल्यावरही. मी बघितलं होतं. मला वाटलं, बाबाच करतात आणि मान्य करत नाहीत. तेच सोपं होतं वाटायला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झाकणांच्या नव्या मिळतात अजून?"

"मिळतात."

"मग त्याच द्या."

झाकणांच्या दोन नव्या बॅटऱ्या मी मागवून घेतल्या. त्यांच्यात आम्ल भरलं, चार्ज केल्या आणि काकांच्या जुन्या बॅटऱ्यांशेजारी ठेवून घरी गेले. पाणी मुद्दाम थोडं कमी ठेवलं होतं. सकाळी ते कमी नव्हतं.

दुपारी लेक गाडी घेऊन आली. नव्या बॅटऱ्या मागच्या सीटवर ठेवल्या. कलंडू नयेत म्हणून मी त्यांच्याशेजारी बसले. लेकीने गाडी सुरू केली आणि ती पिपी करायला लागली. पुढच्या सीटवरच्या माणसाने पट्टा लावला नाही की वाजतं ते.

पुढच्या सीटवर काही नव्हतं. तिची पर्ससुद्धा नाही.

लेकीने क्षणभर स्टिअरिंगवर हात तसेच ठेवले. मग हात लांब करून तिने रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि हळूच अडकवला. पेशंटला लावावा तसा, कुठे आवळत नाही ना ते बघून.

आवाज थांबला. उतारावरून धक्क्यापर्यंत तिने गाडी अगदी सावकाश नेली.

काका आधीच येऊन बसले होते. दाढी केलेली होती. लेकीने त्यांना फक्त "या" म्हणून फोन केला होता, का ते सांगितलं नव्हतं.

मी सीलबंद बॅटऱ्या काढल्या, नव्या बसवल्या, तारा आवळल्या. काकांनी डब्यात डोकावून झाकणं बघितली. होडीत उतरून मागच्या फळीवर बसले आणि मोटरचा दांडा हातात घेतला. त्यांचा हात थरथरत होता, पण दांड्यावर तो स्थिर झाला.

"बाबा, काठाकाठाने जा," लेक म्हणाली.

"हो गं."

तलाव शांत होता. दुपारचं ऊन पाण्यावर सपाट पडलं होतं. काकांनी मोटर सुरू केली आणि होडी आवाज न करता धक्क्यापासून सुटली.

मी बॅटऱ्या उचलून उचलून वजनाचा अंदाज शिकले आहे. दोन्ही बॅटऱ्या मागे, मोटर मागे, माणूस मागे. होडीचं नाक वर उचललं जायला हवं होतं.

ते उचललं नाही. होडी पुढून-मागून अगदी सारखी बसली होती पाण्यात.

लेकीने माझा हात धरला.

काकांचं बोलणं पाण्यावरून येत होतं. शब्द कळत नव्हते. मध्येच ते थांबायचे, ऐकल्यासारखे, आणि मग हसायचे.

लव्हाळ्यांशी होडी वळायला लागली, तेव्हा त्यांनी मान लांब केली आणि डावीकडे झुकून पुढचं पाणी बघितलं. समोर कोणाचं तरी डोकं आड येत असलं की माणूस झुकतो, तसे.