न हलणारं चित्र

"तात्या आपल्याला फसवतायत!" गवताच्या गंजीआड ठमी कुजबुजली. "टिकली शेळीच्या ऐवजी चांदीलाच दोनदा आणतात. लाव पैज!"

"कशावरून?" तिच्या मावसभावाने, चष्मिसने विचारलं. पुराव्याशिवाय त्याला काही पचायचंच नाही.

"दोघींचं चित्र डिट्टो सारखं! कालही, आजही!"

ठमी सुट्टीत मावशीकडे आली होती. मावशी शेळ्यांवर संशोधन करायची. रोज सकाळी गोठ्यातले तात्या एकेक शेळी आणत आणि डॉक्टरकाका सोनोग्राफीने तिच्या अंडाशयातली पुटिका, म्हणजे बीजांडाची इवली पिशवी, बघत. पडद्यावर ती काळ्या गोलासारखी दिसे. गोल वाढत वाढत एक दिवस दिसेनासा झाला, की पुटिका फुटून बीजांड बाहेर पडलं असं समजायचं. मग शेळीला पिल्लू होऊ शकतं. चांदी अजून वयात आली नव्हती, म्हणून तिचा गोल छोटाच असे; पण टिकलीचाही गोल वाढतच नव्हता. "ही कामाची नाही," काका म्हणाले होते. उद्या टेम्पो तिला विकायला नेणार होता. गेल्या सुट्टीत ठमीने बाटलीने दूध पाजलेली टिकली!

दोघी दिसायला अगदी सारख्या, म्हणून संध्याकाळी ठमीने टिकलीच्या कानामागे निळ्या शाईचा ठिपका लावून ठेवला.

सकाळी चांदीनंतर तात्यांनी दुसरी शेळी आणली, तशी ठमी उसळली. "ही टिकली नाहीच! मी तिच्या कानामागे लावलेला ठिपका कुठाय? तात्या लबाडी करतात!"

मावशीने शेळीचा कान उलटला.

निळा ठिपका!

ठमीचे कान तापले. तात्या रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त फडकं ओलं करून ठिपका पुसला. "शाई पोटात गेली तर त्रास होईल तिला," एवढंच म्हणाले.

"झालं नाटक?" खांदा आणि कान यांत फोन धरून काकांनी टिकलीची तपासणी सुरू केली. पुन्हा तोच चिमुकला गोल.

कुणाच्या नजरेला नजर देववेना, म्हणून ठमी पडद्याकडेच बघत राहिली. तेवढ्यात टिकली शिंकली. शिंगांपासून शेपटीपर्यंत हादरली! चित्र मात्र ढिम्म.

"तू सांग ना," तिने चष्मिसला ढोसलं. आता तिला तोंड उघडायचीच भीती वाटत होती.

"तुला काहीतरी दिसलंय ना? मग तूच बोल!"

"काका... ती शिंकली, पण चित्र हललं नाही."

"आता यंत्रही लबाड का?"

मावशी मात्र झटकन पुढे झाली. तिने एक बटण दाबलं. पडदा थरथरला आणि द्राक्षाएवढा टपोरा गोल उमटला!

"चांदीचा गोल मोजायला तुम्ही चित्र थांबवलंत," मावशी म्हणाली, "आणि पुन्हा सुरूच केलं नाहीत. रोज टिकलीच्या वेळी चांदीचंच चित्र बघत होतात! फोनवर बोलत!"

काकांनी फोन खिशात टाकला. "चुकलंच माझं," ते पुटपुटले. टेम्पो रिकामा परत गेला.

"नजर शास्त्रज्ञाची आहे हं तुझी!" मावशीने ठमीची पाठ थोपटली. ठमीला ती थाप टोचली. ती गोठ्यात गेली.

"तात्या, मी... सगळ्यांसमोर..."

तात्यांनी टिकलीची दोरी तिच्या हातात दिली. "उद्या तूच आण हिला. म्हणजे कोणती आणली, ते तुला नक्की ठाऊक असेल."

दुसऱ्या दिवशी पडद्यावरचा गोल गायब झाला होता! "फुटली! फुटली!" चष्मिस नाचू लागला. ठमी नाचली नाही. दोरी घट्ट धरून तिने आधी तात्यांकडे पाहिलं.

ते हसले, तेव्हा कुठे तिने मान वर केली.