भुताच्या वाट्याचा श्वास

दाढ ठणकत होती म्हणून ती दंतवैद्याकडे गेली होती. नंबर यायला अवकाश होता, म्हणून तिने पिशवीतून पुस्तक काढलं. सतरा वर्षांची एक मुलगी आणि दीडशे वर्षांपूर्वी सतराव्या वर्षीच मेलेला एक मुलगा, त्यांचं प्रेम. मुखपृष्ठावर चंद्र आणि उघडी खिडकी. पंचविशी ओलांडलेल्या बाईने चारचौघांत हातात धरावं असं ते नव्हतं, म्हणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर. वाचताना तिचे ओठ हलत, पुटपुटणं बाहेर पडे. ती जुनी सवय होती.

शेजारचं दार उघडलं आणि गळ्यात हेडफोन अडकवलेला एक किडकिडीत माणूस बाहेर आला. दाराचं रबर फाटलंय, बाहेरचा शब्दन् शब्द आत येतो, तेव्हा जरा हळू बोला, अशी विनंती त्याने बाकावरच्या सगळ्यांना केली. मग तो तिच्यापाशी थांबला.

"तुम्ही नाही," तो म्हणाला. "तुम्ही जरा मोठ्याने वाचा."

आत स्टुडिओत बोलकी पुस्तकं ध्वनिमुद्रित होत. गंमत म्हणजे काम अडलं होतं ते तिच्या हातातल्या पुस्तकाच्याच मालिकेचं. आधीचे वाचक मेलेल्या मुलाचे संवाद अशा काही थाटात म्हणायचे की तो प्रेम मागतोय की बळी, हेच कळू नये. तिने दोन पानं वाचून दाखवली. दाढ त्या दिवशी तशीच राहिली.

घरी बाबांनी कपाळाला हात लावला. आता भुतांचे आवाज काढणार? उद्या स्थळ आलं तर काय सांगायचं, मुलगी भुतांत रमते म्हणून? आईने मात्र एवढंच विचारलं, "ताईचीच ना गं ती पुस्तकं?" तिने मान हलवली. बाबांनी कपाळावरचा हात काढून घेतला.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, आणि दुपारच्या सुट्टीत स्टुडिओतल्या काचेआड स्वतः वाचायची. काचेच्या पलीकडे तो. त्या मजल्यावर सगळे त्याला 'कानसेन' म्हणत, दंतवैद्यसुद्धा. पान उलटल्याचा आवाज झाला की तो हात वर करायचा. तिच्या पोटात गुडगुडलं तरी त्याला कळायचं, आणि मग तो काही न बोलता बिस्किटांचा पुडा आत सरकवायचा.

त्याला तिच्याशी बोलायचं तर बटण दाबावं लागे. हळूहळू ते बटण कामाशिवायही दाबलं जाऊ लागलं.

"तुमचा हा नायक दीडशे वर्षं सतराचाच?"

"हो."

"म्हणजे दीडशे वर्षं अकरावीतच. आणि मुलगी त्याच्यावर भाळते?"

"मार्कांवर नाही भाळत."

"मग कशावर?"

तिने जरा विचार केला. "तो ऐकतो," ती म्हणाली. "तिचं बोलणं संपेपर्यंत थांबतो."

पलीकडे बटण दाबलेलंच राहिलं होतं... त्यामुळे त्याचं गप्प राहणंही तिच्या कानांत उतरलं.

त्याची एक खास पद्धत होती. जिवंत माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. मेलेला कशाला घेईल? म्हणून मुलाच्या प्रत्येक वाक्याआधीचा तिचा श्वास तो कापून टाकायचा. आवाज तिचाच, पण तळ नसलेल्या विहिरीतून आल्यासारखा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता, आणि तेही तिला आवडलं होतं.

मग एका दुपारी त्याने तयार झालेलं एक प्रकरण ऐकवलं. खिडकीपाशी दोघांचं भांडण होतं. ऐकता ऐकता तिने हेडफोन काढून ठेवले.

"ही मेली," ती म्हणाली.

"कोण?"

"मुलगी. तुम्ही तिचेही श्वास कापलेत."

त्याने पुन्हा लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. पुढे काय होणार या नादात हात चालतच राहिला, असं तो ओशाळून सांगू लागला. एरवी तिने त्याला चिडवून भंडावलं असतं. त्या दिवशी ती उठली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसली.

तोही आला, दोन पायऱ्या सोडून बसला. तेव्हा तिनेच सांगितलं.

या पुस्तकांचं वेड तिच्या ताईचं. जिवंत पोरांपेक्षा भुतं बरी, ताई म्हणायची. वेळेवर येतात आणि जेवायला मागत नाहीत. ताईला आजाराने खाटेला खिळवलं, तेव्हा धाकटीने मालिका पहिल्यापासून वाचून दाखवायला घेतली. शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उरलं असताना, पान उलटण्यासाठी ती थांबली आणि तिच्या लक्षात आलं की खोलीत फक्त तिचाच श्वास ऐकू येतोय. पुस्तक तिने तिथेच मिटलं. दोन वर्षं झाली. आधीची पुस्तकं ती कितीदा तरी वाचायची, ते प्रकरण मात्र उघडायची नाही.

"तिला शेवट कळला नाही," ती म्हणाली. "मग मला कशाला कळायला हवा?"

तिचं बोलणं संपेपर्यंत तो थांबला. संपल्यावरही थांबला.

बाकीची प्रकरणं झाली, आणि शेवटच्याची वेळ आली की तिचा घसा बसू लागला. पहिल्यांदा त्याने विश्वास ठेवला, दुसऱ्यांदा ठेवल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा तो दुकानात आला, चष्म्यांच्या काउंटरपाशी उभा राहिला. प्रकाशनाच्या बाई आता थांबायला तयार नव्हत्या. शेवटचं प्रकरण त्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार होत्या.

"घेऊ देत," ती म्हणाली.

"ताईंना चालेल? शेवट दुसऱ्या कुणी वाचलेला?"

ती हातातली काच पुसत राहिली. काच कधीच स्वच्छ झाली होती.

"तुम्ही वाचलंय ना ते? तो राहतो का... जातो?"

"सांगणार नाही. मला तुमच्या आवाजात ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी ती माईकसमोर बसली. प्रकरण छोटंच होतं. मुलगा जातो, हे तिला दुसऱ्या पानावर कळलं. जाताना तो प्रेमाचं एक अक्षर बोलत नाही. खिडकीबाहेरून म्हणतो, 'खिडकी लावून घे. गार वारा सुटलाय.' त्या वाक्यापाशी ती अडली. पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा एक लांब, तुटका श्वास तिने घेतला – आणि वाक्य म्हटलं. काचेपलीकडे हात वर झाला नाही.

आठवड्याने ती पुन्हा काचेआड ऐकायला बसली. मेलेल्या मुलाचं प्रत्येक वाक्य कोरडं, बिनश्वासाचं होतं. मग खिडकीचं वाक्य आलं, आणि तिचा तो श्वास तसाच्या तसा ऐकू आला.

"हा राहिलाय," ती म्हणाली. "चुकून?"

बटण दाबलं गेलं. "नाही."

"मेलेल्याला श्वास नसतो. नियम तुमचाच."

"बाईही तेच म्हणाल्या. मी म्हटलं, तो कापायचा असेल तर माझं नाव काढा." तो थांबला. "तो त्याचा नाहीच. तो तुमचा आहे. आणि... तुमचं काही कापून टाकायला आता माझा हात धजत नाही."

ती काचेतून बघत राहिली. काम संपलं होतं. उद्यापासून या मजल्यावर यायला तिच्याकडे एक दुखरी दाढ सोडली तर कारण उरलं नव्हतं. तिने पुस्तकाचं वर्तमानपत्र सोडवलं, घडी करून पिशवीत टाकलं. चंद्र आणि उघडी खिडकी वर आली. घरी जाऊन आईलाही शेवट वाचून दाखवायचा, तिने ठरवलं.

मान वर केली तेव्हा पलीकडची खुर्ची रिकामी होती.

दार उघडलं. दाराला नवं रबर लागलं होतं. ते मागे मिटलं आणि बाहेरचं जग बंद झालं. त्या खोलीत काहीच लपत नसे. तो तिच्यासमोर उभा राहिला, मध्ये काच नाही, बटण नाही. बोलायच्या आधी त्याने श्वास घेतला.

तिने तो नीट ऐकला.

"बोल," ती म्हणाली. "संपेपर्यंत थांबते मी."