कुंड्यांचा हीटर आणि श्वास घेणारी भिंत

"हलवू नको बे! सरळ बसव मोठी कुंडी!"

मोनाली ओरडली, तशी अभिनवने जीभ दातांत धरून मोठी मातीची कुंडी उलटी केली आणि लहान उलट्या कुंडीवर टोपीसारखी चढवली. खाली दोन विटा, विटांच्या मधे स्टीलची ताटली आणि ताटलीत मेणबत्तीचे चार तुकडे. झाला हीटर तयार!

मेणबत्त्यांना तोटा नव्हता. भिलाईच्या पावर हाउस भागातल्या त्यांच्या बुद्धविहारात रोज वंदना होई आणि जळून उरलेले तुकडे करिष्मा डब्यात गोळा करी. करिष्मा म्हणजे अभिनवची धाकटी बहीण. वय वर्षं दहा, पण बोलणं चाळिशीतल्या बाईचं!

हा सगळा खटाटोप चालला होता मोनालीच्या दादासाठी. रूपेशची रेल्वेची परीक्षा आठवड्यावर आली होती. घरात एक खोली, माणसं पाच आणि टीव्ही सहावा. म्हणून तो विहारामागच्या छोट्या खोलीत अभ्यासाला बसे. डिसेंबरच्या थंडीने बोटं अशी आखडत की पेन धरवत नसे. हिवाळ्याची सुट्टी लागली आणि मोनालीने हीटरचं मनावर घेतलं.

"चार मेणबत्त्यांनी खोली नाही तापत, मोना," रूपेश हसून म्हणाला. "पण हात मस्त शेकतात हं!"

तो बसला होता त्याच्या नेहमीच्या जागी, कपाटाशेजारच्या भिंतीला टेकून. बाकीच्या भिंती बर्फासारख्या गार, पण ती एक भिंत मात्र दिवस मावळताना कोमट होई. माणसाच्या अंगासारखी कोमट! का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. समोरच्या भिंतीवर वरपासून बाबासाहेबांचा भलामोठा फ्लेक्स ठोकलेला होता, गेल्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला.

बाहेर धुकं उतरायला लागलं. दार लावून सगळे हीटरभोवती बसले. आणि तेवढ्यात करिष्मा पुटपुटली, "ताई, ते पाहा."

विटांच्या फटीतून दिसणाऱ्या चारही ज्योती वाकल्या होत्या. चारही एकाच दिशेला! कपाटाकडून कोणी हळूच फुंकर मारावी तशा. दार बंद, खिडकी त्या खोलीला नव्हतीच. वारा यायचा कुठून?

मग तो आवाज आला. हुंऽऽऽ... जरा थांबला. पुन्हा हुंऽऽऽ...

"भिंत श्वास घेऊन राहिली!" करिष्माने अभिनवचा दंड आवळला.

"भाग यहाँ से!" अभिनवने तिला झिडकारलं खरं, पण त्याचीही पाचावर धारण बसली होती.

मोनालीने दादाकडे पाहिलं. तो दचकला नव्हता. उलट कपाळ दाबत तो विचित्र आवाजात म्हणाला, "तुमालेबी ऐकू येते? खरंच येते?"

हल्ली रूपेश रोज डोकं धरून घरी येई, वाचलेलं विसरे, जेवता जेवता पेंगे. आई म्हणे जागरण, बाबा म्हणत बहाणे.

मुलांनी त्या आवाजाचं सांगितलं, तर विहार कमिटीच्या तेजराम काकांनी ऐकूनच घेतलं नाही. "जय भीम म्हणणाऱ्या पोरांनी भुताच्या गोष्टी कराव्या? लाज नाही वाटत? भूत-बित काही नसते!" भूत नाही, म्हणजे खोलीत काहीच नाही, असं त्यांचं सरळ गणित होतं. त्यामुळे कोणी शोध घेतलाच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हीटरमधले तुकडे संपले होते. तिघं नवे तुकडे आणायला विहारात गेले. तिथे करिष्माच्या गप्पा रंगल्या आणि थोडा उशीरच झाला. परत आले, तर दार आतून नुसतं लोटलेलं आणि आत एकदम शांत.

"दादा?"

उत्तर नाही. फक्त हुंऽऽऽ...

मोनालीने दार ढकललं. रूपेश त्या कोमट भिंतीला टेकून बसला होता. मान खाली, पुस्तक मांडीवर, गाल गुलाबी. झोपल्यासारखाच. पण हलवलं, चिमटा काढला, तरी डोळे उघडेनात!

"पाय धर, अभिनव! ओढ बाहेर! करिष्मा, पळ, कोणाले तरी बोलाव!"

दोघांनी त्याला फरफटत अंगणात आणलं. धुक्यात त्याचं अंग जड, सैल आणि परकं वाटत होतं. मोनाली रडत होती, हाका मारत होती, त्याची छाती चोळत होती. बऱ्याच वेळाने रूपेशने मोठा श्वास घेतला आणि खोकला. तो खोकला ऐकून तिला इतका आनंद झाला की ती आणखीच रडू लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला ऑक्सिजन लावला आणि विचारलं, "बंद कमरे में कुछ जलाया था क्या? ये गैस का असर है."

झालं! सगळ्यांच्या नजरा मोनालीकडे वळल्या.

"तो हीटर!" तेजराम काका कडाडले. "मेणबत्त्या लावून भावाचा जीव घेतला असता पोट्टीनं!"

"पण काका, हीटर पेटलेलाच नव्हता! तुकडे संपले होते, तेच तर आणायले गेलो आम्ही!"

"आता खोटंबी बोलून राहिली?"

खोलीला कुलूप बसलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! रात्री आई तिच्याशी बोलली नाही. रूपेशला बरं वाटत होतं, पण तो कुशीवर वळून म्हणाला, "जाऊ दे मोना. परीक्षा यंदा नाही देत मी." ते शब्द मोनालीला काकांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागले.

सकाळी तिने दोघांना गाठलं. "ज्योत कशाने वाकते?"

"हवेने," अभिनव म्हणाला.

"आणि हवा भिंतीतून येते का?"

"भोक असलं तर येईल की!" करिष्मा म्हणाली आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाली.

तिघं वळसा घालून मागच्या गल्लीत गेले. विहारामागच्या खोलीला अगदी लागून कमलेशभैयाचा गजकचा कारखाना होता. संक्रांत जवळ आली की दिवस मावळताना त्याची भट्टी पेटे आणि तीळ-गुळाचा खमंग वास गल्लीभर पसरे. भट्टीत हवा मारायला एक पंखा लावलेला. कमलेशने सहज बटण दाबून दाखवलं, तर पंखा आवाज करू लागला. हुंऽऽऽ!

करिष्माने मोनालीचा हात घट्ट पकडला. श्वास सापडला होता!

"भैया, धुआँ किधर जाता है?" अभिनवने भोळेपणाने विचारलं.

"धुआँ? मैं तो कोक का कोयला जलाता हूँ बेटा, धुआँ होता ही नहीं!" कमलेश ऐटीत म्हणाला.

बाहेर येऊन मोनालीने मान वर केली. भट्टीचा पत्र्याचा पाइप छपरावर गेलाच नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बाईने वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडण काढल्यावर कमलेशने त्याचं तोंड कारखान्याच्या आणि खोलीच्या भिंतींमधल्या अरुंद फटीत वळवून ठेवलं होतं. आणि परत वळसा घालताना आणखी एक गोष्ट तिला दिसली. खोलीच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीत, वर, सिमेंटची जाळी होती.

"आतून तर तिथे जाळी नाही!" अभिनव चक्रावला.

"आहे," मोनाली हळूच म्हणाली. "फ्लेक्सच्या मागे आहे."

तो फ्लेक्स काढायला सांगणार कोण?

"काकाले सांगून पाहू," करिष्मा म्हणाली.

"माझं कोण ऐकते आता? त्यांनी स्वतःच्या नाकानं ऐकलं पाहिजे!" मोनाली म्हणाली आणि घरी जाऊन तिने मिरच्यांचा डबा उघडला.

त्या दिवशी धुकं जास्तच दाट होतं. दिवस मावळत असताना मोनाली आणि करिष्मा तेजराम काकांपुढे उभ्या राहिल्या. "काका, आमच्या कुंड्या आत राहिल्या. तेवढ्या काढून द्या नं."

काका कुरकुरत आले, कुलूप काढून आत शिरले. मोनालीने दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. खोलीत गुडूप अंधार. कपाटामागून तोच आवाज आला. हुंऽऽऽ... काकांचा हात दिव्याच्या बटणावर तसाच राहिला.

"हे... हे काय आहे?"

"काही नाही काका," करिष्मा गोड आवाजात म्हणाली. "भूत-बित काही नसते!"

तिकडे कमलेश गजक तोलायला वळला आणि अभिनवने मूठभर सुक्या मिरच्या भट्टीत टाकून धूम ठोकली.

एक क्षण गेला, दोन गेले. आणि काकांना असा ठसका लागला, असा ठसका लागला, की डोळ्यांतून धारा!

"मिरची! आक् छीं! कोण जाळून राहिलं मिरची?"

तिघं खोकत बाहेर धावले. मोनालीने ओढणीने डोळे पुसले आणि काकांना धीटपणे सांगितलं, "काका, ही कमलेशभैयाच्या भट्टीची हवा आहे. डॉक्टरांनी सांगितलेला गॅस हाच! रोज येते दादाच्या नाकात. रोज तिले वास नसते, म्हणून कोणाले समजत नाही!"

ठसका ओसरल्यावर माणसं जमली, कपाट ओढलं गेलं. मागे जुन्या नळाचं, मुठीएवढं भोक होतं, आणि त्यातून ऊन ऊन हवा येत होती. कमलेशला बोलावलं. आधी तो "धुआँ तो है ही नहीं" म्हणत वाद घालत होता, पण रूपेशची हकिगत ऐकताच त्याचं तोंड उतरलं. त्याने हातातला झारा टाकला आणि भट्टी विझवायला धावला. पाइप छपराच्या वर नेल्याशिवाय ती पेटवणार नाही, असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं.

"पण हवा बाहेर कावून नव्हती जात?" कोणीतरी विचारलं.

मोनालीने फक्त फ्लेक्सकडे पाहिलं.

काका पुढे आले. तो फ्लेक्स त्यांनीच ठोकला होता. बाबासाहेबांचा फोटो कचऱ्यात टाकवत नाही, जमिनीवर अंथरवत नाही, म्हणून त्यांनी उंच, मानाची जागा शोधली होती. त्यांनी चपला काढल्या, स्टुलावर चढले, हात जोडले आणि एक-एक खिळा काढला. मागची जाळी उघडी पडली. गार, स्वच्छ हवा आत आली.

"फोटोले मान दिला," काका खाली उतरून म्हणाले, "आणि शिकणाऱ्या पोराचाच श्वास कोंडला. बाबासाहेबांनी मले माफ केलं नसतं." मग ते मोनालीकडे वळले. "पोरी, खोटं तू नाही बोललीस. न पाहता मीच बोललो. तुम्ही तिघं होते म्हणून रूपेश आहे."

त्यांनी सगळ्यांसमोर तिला "जय भीम" केला, मोठ्या माणसाला करतात तसा. सुशीलाबाई, म्हणजे मोनालीची आई, पुढे आली आणि तिने लेकीला कवटाळलं. अभिनवने छाती फुगवली. करिष्मा ज्याला-त्याला सांगत सुटली, "मिरच्या आमच्याच घरच्या होत्या!" त्या होत्या मोनालीच्या घरच्या, पण त्या दिवशी तिला कोणी टोकलं नाही.

घरी रूपेशने सगळं ऐकून घेतलं आणि एकाएकी तोंड झाकून रडू लागला. मोनाली घाबरली.

"दादा, दुखून राहिलं काय?"

"नाही गं," तो म्हणाला. "महिनाभर मले भिंतीचे आवाज येत होते. काही ध्यानात राहत नव्हतं. मले वाटलं, मी येडा होऊन राहिलो. कोणाले सांगू?"

मोनाली त्याच्या अगदी जवळ सरकून बसली. मग रूपेशने डोळे पुसले आणि उशीखाली सारून ठेवलेलं गणिताचं पुस्तक बाहेर काढलं.

"चल," तो म्हणाला, "प्रश्न विचार मले. कुठूनबी विचार!"