तोंडावर चूक सांगणारी

कँटीनच्या दारातून गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक उंच माणूस आत आला आणि ती ताडकन उठली. डॉक्टर दिसला की उभं राहायचं, ही हाडात मुरलेली सवय. मांडीवर ट्रे आहे हे पायांना कोण सांगणार? गरम सूप थेट त्याच्या बुटांवर!

"बसा हो," तो म्हणाला. "मी डॉक्टर नाही, नर्स आहे. तुम्हाला इथली पद्धत शिकवणारा... तीन महिने. बूट वाळले की सुरुवात."

पद्धत! आपल्या देशात नऊ वर्षं अतिदक्षता विभाग एकटीने पेललेल्या या नर्सबाईला इथे परदेशात पहिल्या दिवशी हात कसे धुवायचे ते शिकवलं. हे नियम करणाऱ्यांना तिच्या जुन्या वॉर्डात तासभर उभं करायला हवं होतं, चक्कर येऊन पडले असते. पण परवाना त्यांच्याच हातात. आणि मूल्यमापनाच्या कागदावर एक रकाना होता: 'वरिष्ठांची चूक तोंडावर सांगते का?' तो कोरा राहिला, तर परतीचं विमान.

"काढा माझी चूक," रक्तदाबाचा पट्टा मुद्दाम भलतीकडे बांधून तो रोज विचारायचा.

"तुम्ही बांधलाय म्हणजे... बरोबरच असेल, सर."

"खुर्चीच्या हाताला बांधलाय!"

"खुर्चीला बरं नसेल..."

तो खो खो हसायचा. थर्मामीटर हातात धरून ती त्या हसण्याकडेच बघत राहायची. शेवटी कॉटवरचे आजोबा खेकसायचे, "पोरी, ताप मला आलाय!"

दोन आठवडे उरले असताना मेट्रनबाईंनी तिला बोलावलं. "त्याने तुझी जबाबदारी सोडलीय. काल लेखी दिलं. आता मी बघेन."

म्हणजे नापास. आईला फोनवर काय सांगायचं? डोळे भरले... आणि मग डोकंच फिरलं. ती तरातरा वॉर्डात गेली आणि त्याची औषधांची ट्रॉली तिने आडवं उभं राहून रोखली.

"चुकलात तुम्ही! साफ चुकलात! अडीच महिने हसत होतात आणि सोडताना एक शब्द नाही? माझ्याशी बोलायला जीभ झडली होती?"

बाराही रुग्ण उठून बसले.

"तुम्हाला नापास नाही केलं," त्याचे कान लालभडक झाले. "नियम आहे... जिच्यावर जीव जडलाय, तिच्या कागदावर सही करता येत नाही. म्हणून—"

दारात मेट्रनबाई उभ्या होत्या. त्यांनी पेन काढलं, हातातल्या मूल्यमापनाच्या कागदावर त्या रकान्यात लिहिलं: 'हो. जरा जास्तच.' आणि निघून गेल्या.

"हे आधी मला विचारायचं होतं!" तिचा आवाज अजून चढलेलाच. "महिन्यापूर्वीच हो म्हटलं असतं मी!"

"मग... आता?"

"आताही हो! पण ट्रॉली सरकव आधी. सात नंबरच्या काकूंची गोळी राहिलीय... आणि हसू नकोस असा, नाहीतर गोळी आजोबांना देईन मी."