काकूंना दार कोणी उघडलं

आधी नीट बसा. आणि दाराकडे पाठ करू नका, उगाच माझं लक्ष तिकडे जातं.

मी घरी शिवणकाम करते. त्या दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात बटणं आणायला गेले होते, एवढंच. चिमणी, माझी लेक, बरोबर होती. एरवी तिला शेजारच्या काकूंकडे सोडते. काकू एकट्याच राहतात, गुडघ्यानं अधू, काठीशिवाय एक पाऊल नाही. पण माझं मशीन चालू असलं की पोरीला त्याच सांभाळतात. त्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या होत्या.

दुकानातून निघालो तर वास आला. गोडसर, घशाला चिकटणारा, औषधाच्या जुन्या बाटलीत नाक घातल्यासारखा. वळणावर टँकर उलटला होता आणि पिवळं पाणी गटारातून आमच्याच इमारतीकडे येत होतं. कसलं पाणी, कुणाचा टँकर, कोणी सांगेना. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे अख्ख्या शहरानं नाक दाबलं, पण ज्यांनी तोंड उघडायचं ते गप्पच. नुसती एक गाडी भोंगा लावून फिरली. दारं-खिडक्या लावा, फटींत ओले कपडे कोंबा, आम्ही सांगेपर्यंत उघडू नका.

पोरीला कडेवर घेऊन मी धावत जिना चढले. खिडक्या लावल्या. दाराखाली निळ्या पट्ट्यांचा टॉवेल ओला करून कोंबला. त्याचा कोपरा इस्त्रीनं जळलाय, तिथे मी लाल दोऱ्यानं ठिगळ लावलंय. ते ठिगळ लक्षात ठेवा. दिवे गेले होते. भरदुपारी घरात अंधार, आणि चिमणीला खोकल्याची उबळ थांबेना.

मग दारावर काठी वाजली.

"अगं... मी आहे. किल्ली सापडत नाही... डोळ्यांना काही दिसेना गं."

मी कडीला हात घातला होता, खोटं कशाला बोलू? पण दार उघडलं की वास आत, आणि पोर आधीच लाल झालेली. मी हात काढून घेतला.

"आई, काकू आल्या..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. काठी पुन्हा वाजली. मग बाहेर काहीतरी भिंतीला घासत खाली बसल्यासारखं... मग काहीच नाही. मी टॉवेल पायानं आणखी घट्ट दाबला. हो, ह्याच पायानं.

संध्याकाळी दिवे आले, भोंग्यावरून सांगितलं, आता उघडा. बाहेर कोणी नव्हतं. काकूंच्या दाराखाली उजेड दिसत होता. देवा, जिवंत आहेत! पण त्यांचं दार कुठल्या तोंडानं वाजवू?

सकाळी त्या स्वतःच आल्या. हसत. हातात घडी केलेला टॉवेल.

"धुऊन आणलाय हो. काल तू दार उघडलं नसतंस तर मी काही वाचत नव्हते."

मला वाटलं, टोमणा मारतायत. मारायलाच हवा होता. पण त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"किती केलंस गं! डोळे पुसलेस, पाणी पाजलंस, किल्ली शोधून घरी नेऊन निजवलंस. चिमणी तर माझ्या मांडीवरून हलेना. तू मात्र सारखी खोकत होतीस बाई. माझ्यापायी वास आत घेतलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू, मी नाही उघडलं... अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांच्या हातातल्या टॉवेलकडे लक्ष गेलं. निळ्या पट्ट्या, जळका कोपरा, लाल ठिगळ. माझा टॉवेल तर मागे दोरीवर वाळत होता.

"आणि जाताना काय म्हणालीस?" काकू हसल्या. "'पुढच्या वेळी मी येईन, तेव्हा मला उघडा.' अगं वेडे, हे काय सांगावं लागतं?"

मी तो टॉवेल ठेवून घेतला. पुढे त्या जिन्यात चारचौघांत माझं कौतुक करायच्या, बायका मला शाबासकी द्यायच्या, आणि मी मान खाली घालून ती घ्यायचे. लाज वाटायची हो, पण घ्यायचे.

काल परत वास आला. टँकर नाही, गळती नाही, भोंगासुद्धा नाही. मी दाराखाली दोन्ही टॉवेल कोंबले. पण मनाशी पक्कं केलं होतं, काठी वाजली की उघडायचं. मेले तरी बेहत्तर.

काठी वाजली नाही. कोणीतरी खोकत जिना चढलं. माझ्या दाराशी थांबलं. बोटांनी हळूच टकटक केली.

"उघड ना गं... पोर आहे कडेवर."

आवाज माझा होता.

काकूंसाठी उघडलं असतं, शपथेवर सांगते. पण ह्या आवाजाला... कडी हातात होती, सरकवली नाही. मग ती पावलं शेजारी वळली. काकूंचं दार करकरलं.

"ये गं ये! आधी पोरीला आत घे."

तेव्हापासून काकू बाहेर आलेल्या नाहीत. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येतो, आणि शिवणाच्या मशीनचा. काकूंकडे मशीन नाही हो. चिमणी भिंतीला कान लावून बसलीय, जेवलीसुद्धा नाही. जिच्यासाठी मी दार लावून घेतलं, तीच मला मघाशी म्हणते, "मला तिकडच्या आईकडे सोड ना."

थांबा. पलीकडचं मशीन बंद झालं... ऐकलंत? दार उघडलं त्यांचं.

चिमणे, तिथून मागे हो. टॉवेल का काढलेस? कडीला हात लावू नकोस...